चित्रफितीत न दिसणारे तळे

प्रतिजैविकांना जीवाणू दाद देईनासे का होतात, हे शिकवताना अनेक शिक्षक एक चित्रफीत दाखवतात. मायकेल बेम, रॉय किशोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २०१६ साली प्रसिद्ध केली. फीत दोनेक मिनिटांचीच आहे. चार फूट लांब आणि दोन फूट रुंद तबकात शाईने काळा केलेला अगरचा थर आहे. दोन्ही टोकांच्या पट्ट्यांत औषध नाही. पुढच्या पट्टीत ई. कोलाय जीवाणूंना जेमतेम असह्य होईल इतके आहे, मग त्याच्या दहापट, शंभरपट आणि मधोमध हजारपट. टोकांना पेरलेले जीवाणू पांढऱ्या सायीसारखे पसरतात, औषधाच्या सीमेशी थबकतात आणि मग एखाद्याच ठिकाणाहून पांढरा पंखा पुढे उलगडतो. सुमारे अकरा दिवसांत ते मधली पट्टी गाठतात.

फीत सुंदर आहे, यात शंका नाही. ‘जीवाणूंना औषधाची सवय होते’ हे आपल्या वर्गांत हमखास ऐकू येणारे वाक्य ती एका दृश्यात खोडून काढते. सवय कोणालाच होत नाही. बहुतेक जीवाणू सीमेवर अडतात. ज्या एखाद्यात योगायोगाने उपयोगी उत्परिवर्तन झालेले असते, त्याचीच प्रजा पुढे जाते. नैसर्गिक निवड इतकी उघड्या डोळ्यांनी क्वचितच पाहायला मिळते.

तरीही आमची तक्रार आहे. खालापूर तालुक्यातील एका शाळेत आम्ही ही फीत दाखवली. घरच्या शेततळ्यात रोहू-कटला असलेला एक विद्यार्थी उठून म्हणाला, “म्हणजे पहिल्याच दिवशी हजारपट औषध टाकलं, तर प्रश्नच मिटला!” वर्गाने माना डोलावल्या. मुलाचा तर्क चुकीचा नव्हता. फितीतले जीवाणू एकेक पायरी चढतच वर जातात. मधल्या पायऱ्या काढून टाकल्या, तर त्यांना एकदम हजारपटीवर उडी घेता येत नाही. चूक आहे ती तबकाला तळे समजण्यात, आणि हा फरक फीत कुठेच सांगत नाही.

तबकातले औषध ट्रायमेथोप्रिम आहे. जीवाणूला फोलेट वापरण्यायोग्य करून देणारे एक विकर ते बंद पाडते. फितीतले जीवाणू आपल्याच विकराचे जनुक थोडे थोडे बदलत तग धरतात. तबकाबाहेर, म्हणजे रुग्णांत, जनावरांत व पाण्यात, या औषधाला रोध करणारे जीवाणू बहुधा वेगळाच मार्ग घेतात. औषधाची पकड बसत नाही अशा दुसऱ्या विकराचे तयार जनुक ते इतर जीवाणूंकडून मिळवतात. ही जनुके बऱ्याचदा प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर असतात, आणि प्लाझ्मिड एका जातीच्या जीवाणूकडून दुसऱ्या जातीच्या जीवाणूकडे जाऊ शकते. असे जनुक मिळालेला जीवाणू एका उडीत हजारपट मात्राही पचवू शकतो. त्या विद्यार्थ्याचा उपाय इथेच फसतो. तबकात एकच जात होती आणि जनुक द्यायला शेजारी कोणी नव्हते. तळ्यात शेजाऱ्यांचीच गर्दी असते.

दुसरी उणीव औषधाच्या वाटेची. तबकात औषध आखून दिलेल्या पट्टीत राहते. तळ्यात ते बहुधा खाद्यात मिसळून दिले जाते. आजारी मासा खाणे सोडतो, म्हणून औषध जास्त जाते ते निरोगी माशांच्या पोटात. न खाल्लेले खाद्य आणि विष्ठा तळाशी बसतात. ऑक्सिटेट्रासायक्लिन आतड्यातून कमीच शोषले जाते. गाळातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला ते चिकटते आणि उन्हापासून दूर तेथे बराच काळ टिकते. तेथील जीवाणूंना मारण्याइतके ते नसले, तरी रोधक जीवाणूंना इतरांवर मात करू देण्याइतके असू शकते. तळ्यात एरवीही राहणारा आणि माशांच्या अंगावर व्रण पाडणारा एरोमोनास अशा वेळी जनुकांचा साठा बनतो.

तिसरी उणीव : तबकाला काठ आहे. कर्जत-खालापूरला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आषाढात भरून वाहणाऱ्या तळ्याचे पाणी ओढ्यांवाटे कर्जतकडे उल्हासला आणि खालापूरकडे पाताळगंगेला मिळते. उल्हास पुढे बदलापूर-कल्याणकडे जाते. तळ्यात औषध घातले असेल, तर त्याच्यासोबत ही जनुकेही वाटेला लागतात. अन्नसुरक्षा नियमांनी माशात ट्रायमेथोप्रिमची मर्यादा दहा लाख भागांत ०.०५ भाग आणि ऑक्सिटेट्रासायक्लिनची ०.१ भाग ठरवली आहे. नियम आवश्यकच आहे, पण तो माशाच्या मांसातले औषध मोजतो, गाळातले जनुक नव्हे. मासा परीक्षेत उत्तीर्ण झाला, म्हणून तळे उत्तीर्ण झाले असे नाही.

सर्वांत मोठी उणीव शेवटाची. फीत संपते तेव्हा सारे तबक पांढरे झालेले असते, आणि जीवाणूच जिंकणार असे मुलांच्या मनावर ठसते. याला नॉर्वेचे उत्तर आहे. तेथील मत्स्यशेतीत १९८७ साली सुमारे ४८ टन प्रतिजैविके वापरली गेली. पुढे सालमन माशांना लस टोचली जाऊ लागली, पिंजऱ्यांच्या जागा बदलल्या, दोन पिढ्यांमध्ये जागा रिकामी ठेवली जाऊ लागली. उत्पादन अनेक पटींनी वाढून दहा लाख टनांपलीकडे गेले, तरी प्रतिजैविकांचा वापर काही वर्षी एक टनाच्याही खाली राहिला. आपल्या रोहू-कटल्याला तीच लस चालणार नाही, पण विचार तोच चालतो. बोटुकली दाटीने सोडू नयेत, नवी बोटुकली काही दिवस वेगळी ठेवावीत, तळ काढून वाळवावा व चुना द्यावा, पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढू लागले तर प्राणवायूकडे पाहावे. आणि औषधाआधी तपासणी करावी. माशांवरचे सगळे व्रण जीवाणूंचे नसतात. बुरशीसदृश जीव व परजीवी यांच्यावर प्रतिजैविक चालत नाही.

मग फीत दाखवू नये का? जरूर दाखवावी, पण पहिला पंखा फुटताच थांबवावी. वर्गातल्या चार-पाच मुलांना रंगीत चिठ्ठ्या द्याव्यात. हस्तांदोलन होईल त्याला चिठ्ठीची नक्कल करून द्यायची, मूळ चिठ्ठी स्वतःजवळच ठेवायची. पाच मिनिटांत किती जणांकडे चिठ्ठ्या पोचल्या, ते मोजावे. मग उरलेली फीत दाखवावी आणि विचारावे : आपल्या गावच्या तळ्यात यांपैकी काय घडेल, आणि या तबकात काय घडूच शकत नाही?

तो विद्यार्थी त्या दिवशी उत्तर न घेताच घरी गेला. चिठ्ठ्यांचा खेळ आम्हाला नंतर सुचला.