सवड आणि राखण : ग्रामजीवनातील रिकाम्या वेळेचा वाङ्मयीन विचार

ग्रामजीवनाविषयी नागर मनात एक समजूत फार खोल रुजलेली आहे. गावी वेळ मुबलक असतो, तेथे गेले असता राहून गेलेले वाचन होईल, लेखनाला हात लागेल, चिंतनास अवसर मिळेल, ही ती समजूत होय. निवृत्तीनंतरचे बेत याच समजुतीवर उभारले जातात, आणि ग्रामीण वाङ्मयाचे पुष्कळसे वाचनही तिच्याच छायेत होत असते. तथापि मराठी वाङ्मयातील महत्त्वाच्या कृती व चरित्रे तपासली असता निराळेच चित्र समोर येते. गावी वेळ नसतो असे नाही. पण त्या वेळेवर माणसाची एकट्याची मालकी नसते. वापसा आला की पेरावे लागते, वारा सुटला की उफणावे लागते, कणीस भरू लागले की राखण करावी लागते. गावचा वेळ पीक, गुरे, पाऊस आणि शेजारी यांनी आधीच वाटून घेतलेला असतो. त्यातून स्वतःसाठी सवड काढू पाहणाऱ्याला ती कोणाच्या तरी वाट्यातूनच काढावी लागते. कोणाच्या वाट्यातून, हा प्रश्न मराठी समीक्षेने पुरेशा आग्रहाने विचारलेला नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यास इंद्रायणीकाठचा देहू–चिखलीचा परिसर विशेष उपयोगी आहे. चिखलीला ‘टाळगाव’ हे उपपद लाभले आहे. तुकोबांच्या प्रयाणाच्या वेळी त्यांचे टाळ येथे पडले, अशी गावची श्रद्धा आहे. या आख्यायिकेची ऐतिहासिकता पडताळण्याचे येथे प्रयोजन नाही. मात्र भजनाचे साधन ज्या शिवारात पडले असे परंपरा मानते, त्या शिवारात ज्वारी-बाजरीची राखणही होत होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. टाळ आणि गोफण यांचा विरोध या परिसराच्या वाङ्मयीन स्मृतीत पहिल्यापासूनच आहे.

या विरोधाचे सर्वांत स्पष्ट रूप महिपतींनी सांगितलेल्या एका कथेत आढळते. 1774 च्या ‘भक्तलीलामृता’त तुकारामचरित्र विस्ताराने आले आहे. परंपरेने सांगितलेली कथा अशी, की एका शेतकऱ्याने तुकोबांना शेताची राखण करण्यास बसविले. तुकोबा माळ्यावर बसले, नामस्मरणात रमले, आणि पाखरांना हाकलण्यास त्यांचे मन होईना. मालक परतून पाहतो तो कणसांवर थवे बसलेले. प्रकरण पंचांपुढे गेले. परंतु प्रत्यक्ष रास मोजली तेव्हा धान्य नेहमीपेक्षा कितीतरी अधिक भरले.

ही कथा सामान्यतः भूतदयेचा व ईश्वरी कृपेचा दाखला म्हणून वाचली जाते. तसे वाचण्यात काही गैर नाही. परंतु तिच्यातील व्यवहाराकडे पाहिले तर एक मार्मिक गोष्ट दिसते. राखण हे काम बाहेरून पाहणाऱ्यास काम वाटतच नाही. हाताला कष्ट नाहीत, अंगाला घाम नाही. उंच माळ्यावर बसायचे, समोर शिवार पसरलेले. ज्याला चिंतनासाठी एकांत हवा त्याला याहून अनुकूल जागा कोणती? तुकोबांनाही असे वाटले असल्यास नवल नाही. पण राखणदार श्रम विकत नाही. तो आपले अवधान विकतो. हात मोकळे असले तरी डोळे व कान शेताच्या मालकीचे असतात. चिंतनालाही तेच अवधान हवे असते. म्हणून नांगरणाऱ्याच्या ओठांवर अभंग राहू शकतो, राखणदाराच्या मनात मात्र तो पूर्णपणे राहू शकत नाही. ग्रामजीवनातील सवडीचे बेत जेथे फसतात ती जागा बहुधा हीच असते. काम फार असते म्हणून ते फसतात असे नाही. जो वेळ रिकामा दिसतो तो आधीच कोणाच्या तरी हवाली केलेला असतो, म्हणून ते फसतात.

कथेचा शेवटही या दृष्टीने बोलका आहे. महिपतींना येथे चमत्काराची गरज का भासली? पाखरांनी खाल्लेले धान्य कोठून तरी भरून निघाल्याशिवाय हिशेब मिळत नव्हता, म्हणून. चमत्कार वगळला तर एका माणसाचे चिंतन आणि दुसऱ्या माणसाचे नुकसान एवढेच उरते. भाविक चरित्रकाराने ही अडचण लपविलेली नाही. पंच आणि मोजलेली रास कथेत आणून त्याने ती नोंदवून ठेवली आहे. हा प्रामाणिकपणा आधुनिक वाचकाने उचलण्यासारखा आहे.

राखणीच्या कथेत हिशेब चमत्काराने मिटला. घरातला हिशेब मात्र तसा मिटला नाही. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, दुकान होते, शेती होती. 1630 च्या सुमारास दख्खनवर कोसळलेल्या दुष्काळात प्रपंच मोडला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. पुढे सावकारीची खते धाकट्या भावाशी वाटून घेऊन आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत सोडली आणि भामचंद्र, भंडारा या डोंगरांवरील एकांत जवळ केला, असे चरित्रपरंपरा सांगते. या एकांताचे वर्णन करताना समीक्षक सहसा डोंगरमाथ्यावरच थांबतात. परंपरा मात्र डोंगराच्या पायवाटेवरही थांबते. कारण त्या वाटेने जिजाई भाकरी घेऊन चढते आहे. तिच्या पायात काटा रुतल्याची आख्यायिका सर्वश्रुत आहे. चरित्रकारांनी जिजाईला कर्कशा म्हणून रंगविले, आणि कीर्तनकारांनी त्या रंगावर आणखी हात फिरविला. परंतु तिच्या तोंडी घातलेल्या तक्रारी एकत्र मांडून पाहिल्या तर त्यांचा आशय एकच निघतो : या एकांताची किंमत घरात चुकती होते आहे. तिचा संताप हा स्वभावदोष मानण्यापेक्षा ताळेबंद मानणे मजकुराला अधिक धरून होईल.

स्वतः महिपतींचे आयुष्य याच पेचातून गेले होते. ताहाराबादचे हे कुलकर्णी एकदा पूजेत असताना जहागीरदाराचे बोलावणे आले आणि पूजा सोडून त्यांना उठावे लागले. त्यानंतर दरबारी कामासाठी लेखणी हाती न धरण्याचा त्यांनी संकल्प केला, अशी परंपरा आहे. येथे सवडीचा मार्ग त्यागातून गेलेला दिसतो. मात्र कुलकर्ण्याला वतनाचे काम सोडता आले, तसे शेतकऱ्याला पीक उभे असताना शेत सोडता येत नाही. कोणाला कोणते काम सोडता येते, यावर सवडीची शक्यता अवलंबून असते. म्हणून ती निव्वळ वृत्तीची गोष्ट राहत नाही, सामाजिक स्थानाचीही ठरते.

सवड काढण्याऐवजी कामातच वाङ्मयाला जागा करून देण्याचा दुसरा मार्गही याच मुलखात दिसतो. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते संताजी जगनाडे चाकणचे तेली होते. घाणा चालवीत त्यांनी ही लेखणी सांभाळली. जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण याहून ठळक आहे. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने मावळ-मुळशीपासून महाराष्ट्रभर संकलित झालेल्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. एवढी प्रचंड रचना करणाऱ्या स्त्रियांना ‘रिकामा वेळ’ कोणीही दिला नव्हता. खानदेशात बहिणाबाई चौधरींची (1880–1951) गाणीही अशीच शेत, चूल आणि जाते यांच्या मधून आली. त्यांना लिहिता येत नव्हते. आप्तांनी ती उतरवून घेतली म्हणून 1952 मध्ये ती पुस्तकरूपाने वाचकांपुढे येऊ शकली.

तथापि या उदाहरणांवरून कष्टच काव्याला जन्म देतात असा सोपा सिद्धान्त काढणे अन्यायाचे होईल. पहाटेच्या दळणाचे ओझे कोणी हौसेने उचलले नव्हते, आणि पिठाची गिरणी आल्यावर जाते बंद पडल्याबद्दल ते ओढणाऱ्या स्त्रीला दोष देता येणार नाही. शिवाय उतरवून घेणारा न भेटल्यामुळे जे हरपले त्याची मोजदाद होऊ शकत नाही. दळणाची लय ओवीला पोसते हे खरे, परंतु ओवीचा आकार आणि तिचा पल्लाही तीच लय ठरविते. दीर्घ रचना, पुनर्लेखन, शंका घेऊन मागे फिरणे यांना अखंड वेळच लागतो. तुकोबांच्या अभंगांत बाजार, माप, बीज, मळणी यांची भाषा आहे ती प्रपंचाने दिलेली. पण स्वतःच्या मनाची इतकी निर्दय झडती घेण्यास जो निवांतपणा लागतो तो डोंगरानेच दिलेला. एकाचे श्रेय दुसऱ्याला देऊन वाद मिटवता येणार नाही.

परदेशी वाङ्मयातील एक प्रसिद्ध प्रयोग तुलनेसाठी घेण्याजोगा आहे. थोरो 4 जुलै 1845 रोजी वॉल्डन तळ्याकाठी राहण्यास गेला आणि सप्टेंबर 1847 मध्ये परतला. दुर्गा भागवतांच्या अनुवादामुळे हा ग्रंथ मराठी वाचकाला परका राहिलेला नाही. साधेपणाने राहून वाचन-चिंतनाला अवसर मिळवावा हा त्याचा योजनापूर्वक केलेला बेत होता. परंतु पहिल्या उन्हाळ्यात पुस्तके वाचणे झाले नाही, घेवड्याच्या शेतात खुरपणी करावी लागली, अशी कबुली तोच देतो. सुमारे अडीच एकरांचे ते शेत त्याने पुढल्या वर्षी बरेच आटोपते घेतले. सवडीसाठी त्याने गरजच कमी केली. हे उत्तर सुसंगत आहे यात शंका नाही. परंतु शेत कमी करण्याचा अधिकार त्याला होता, कारण त्या शेतावर पोट अवलंबून असलेले दुसरे कोणी नव्हते. भंडाऱ्याच्या पायवाटेवर जिजाई आहे. वॉल्डनच्या वाटेवर त्या अर्थाने कोणी नाही. दोन्ही एकांतांची तुलना करताना हा भेद विसरला तर तुकोबा बेफिकीर आणि थोरो हिशेबी, असा उथळ निष्कर्ष निघतो.

आधुनिक मराठी कादंबरीत या विषयाची सर्वांत संयत मांडणी व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (1955) झाली आहे. शाळा चालविण्याचा संकल्प घेऊन तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, तो शाळेत मुलेच नसतात. ती मेंढरांमागे गेलेली असतात. मास्तरचा दिवस शाळेबाहेरच्याच कामांनी भरत जातो. गावाच्या अडीअडचणी त्याच्याकडे येऊ लागतात आणि तो वाडीचा होत जातो. पुढे त्याच्या मनातली तालीम गावाच्या श्रमांतून उभी राहते. पण दुष्काळ येतो आणि वाडी ओस पडते. या कादंबरीचे मोठेपण असे की, संकल्प आणि वाडी यांपैकी कोणालाही ती खोटे ठरवीत नाही. मास्तरचा बेत योग्यच होता, मेंढरांची निकडही खरी होती. दोहोंना पुरेल एवढा वेळ त्या कोरड्या माणदेशात नव्हता. भाबडेपणा आणि उपहास हे दोन्ही टाळून लेखकाने हा पेच तसाच उघडा ठेवला आहे.

चिखलीचे शिवार आता पूर्वीचे राहिलेले नाही. 1997 मध्ये हे गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. भोवती कारखाने, गोदामे आणि इमारती उभ्या राहिल्या, आणि महापालिकेने येथे तुकोबांच्या नावाने संतपीठही उभारले. ज्या जमिनीत राखणीचे माळे असत तेथे आता घड्याळाच्या पाळ्या चालतात. पाळीला निदान शेवट असतो. भोंगा झाला की उरलेला वेळ कामगाराचा. राखणीला असा शेवट नव्हता. या एका बाबतीत कारखान्याने सवडीची कल्पना गावापेक्षा स्पष्ट केली, असे म्हणणे प्राप्त आहे. पण याच पाळीतला माणूस सवडीचे स्वप्न पाहू लागला की पुन्हा मावळ-मुळशीकडे तुकडाभर जमिनीचा शोध घेतो, आणि जमीन हाती आल्यावर कुंपण, विहीर व गवत यांची राखण त्याच्या गळ्यात पडते. त्यातून सुटण्यासाठी तो कोणा स्थानिक कुटुंबाला राखणीस ठेवतो. मालकाची सवड आणि राखणदाराचे अवधान यांचा जुना व्यवहार येथे नव्याने सुरू होतो. फरक इतकाच की, या वेळी चिंतनाला बसणारा माळ्यावर नसून घरात आहे.

ग्रामीण साहित्याच्या अभ्यासात आजवर दारिद्र्य, जात, निसर्ग व बोली यांचा विचार झाला, तो आवश्यकच होता. त्याच्या जोडीला वेळेच्या वाटणीचाही विचार व्हावयास हवा. एखाद्या कृतीत निवांतपणाचे चित्र आले की तो निवांतपणा कोणाच्या अवधानावर उभा आहे, त्या वेळी पाखरे कोण हाकलीत होते आणि भाकरी कोण आणीत होते, हे त्याच कृतीच्या आधाराने तपासले पाहिजे. या तपासणीने तुकोबांचा एकांत उणा होत नाही. महिपतींनी मोजलेली रास आणि जिजाईची तक्रार या दोन्ही गोष्टी परंपरेने जपल्या आहेत; वाचकानेही त्यांतील एक गोष्ट वगळून दुसरी वाचू नये, एवढीच अपेक्षा आहे.