पिती आणि पातळ रस्सा

खाणाऱ्याचे मत अंतिम, असे एक सोयीस्कर सूत्र आपल्याकडे रूढ झाले आहे. अझरबैजानातील ‘पिती’ या पदार्थावर पाहुण्यांनी मारलेले शेरे ऐकले, म्हणजे त्या सूत्राविषयी शंका घ्यावीशी वाटते.

कॉकेशसच्या पायथ्याशी वसलेल्या, आणि ज्याचा ऐतिहासिक भाग २०१९ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला त्या शेकी शहरात, पिती माणशी एका मातीच्या मडक्यात शिजते. मेंढीचे मांस, हरभरे, चेस्टनट, केशर आणि वर शेपटीच्या चरबीचा तुकडा. मंद आचेवर कित्येक तास. खावयाची मात्र ती दोन टप्प्यांत. प्रथम ताटलीत पाव कुस्करून त्यावर नुसता रस ओतावयाचा आणि सुमाक नावाची आंबट, तांबडी पूड भुरभुरावयाची (कोकणातील वाचकाने येथे आमसूल आठवावे). मग मडक्यात उरलेले मांस, हरभरे व चरबी एकत्र चिरडून कच्च्या कांद्याबरोबर खावयाची. हे न जाणणारा पाहुणा थेट मडक्यात चमचा घालतो आणि ‘वर तेलकट पाणी, खाली नुसते हरभरे’ म्हणून उठतो.

हा अन्याय पाहण्यासाठी शेकीला जाण्याचे कारण नाही. सुरतेच्या लिंबायत भागात, यंत्रमागांच्या ओढीने धुळे-जळगाव-नंदुरबारकडून आलेल्या कुटुंबांनी आपला काळ्या मसाल्याचा रस्सा नेला. भाजलेला कांदा, सुके खोबरे व लसूण यांचा तो रस्सा मुळातच पातळ. कारण त्यात कळण्याच्या भाकरीचा काला मोडावयाचा असतो. भाकरी रस शोषून घेते आणि तिखटाची धार घासापुरतीच उरते. परका पाहुणा त्यात चपातीचा तुकडा बुडवतो, त्याला ठसका लागतो, आणि ‘नुसते तिखट तेल’ हा निकाल तयार!

सगळ्याच तक्रारी अज्ञानातून येतात असे नव्हे. मसाला कच्चा राहिला असेल, हरभरा बोटांत दबत नसेल, तर पाहुण्याचेच म्हणणे खरे. परंतु पातळपणा हा दोष नव्हे. शेऱ्यांना भिऊन काजूच्या वाटणाने रस्सा दाट करणारा खानावळवाला नव्या गिऱ्हाइकाला कितपत जिंकतो कोण जाणे. पाळी संपवून आलेल्या कामगाराच्या ताटात मात्र काल्याची लापशी होते.

शेकीत नवख्या पाहुण्याला पुष्कळदा वाढपीच पाव कुस्करून दाखवतो. लिंबायतचा वाढपी भाकऱ्यांची चळत पुढे ठेवून निघून जातो. एवढे तर कोणालाही ठाऊक असणार, असे त्याला वाटते.