दारातला खुनी आणि ‘टेक्निकली खरं’

तुमचा मित्र तुमच्या घरात लपलाय. त्याच्या जिवावर उठलेला माणूस दारात उभा राहून विचारतोय, ‘तो आत आहे का?’ खोटं बोलायचं की नाही?

आपल्यापैकी बहुतेकांना यात प्रश्नच दिसत नाही. ‘नाही’ म्हणायचं आणि दार लावून घ्यायचं. पण इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्ववेत्त्यानं १७९७ साली एक छोटासा निबंध लिहून बजावलं, की इथंही खोटं बोलण्याचा हक्क तुम्हाला नाही. तत्त्व पाळण्याच्या नादात शहाणा माणूस कुठवर जाऊ शकतो याचा नमुना म्हणून या निबंधाकडे बोट दाखवलं जातं. लोक हसतात आणि पुढे जातात.

हसणं सोपं आहे. पण निबंध सावकाश वाचला तर लक्षात येतं, की कांटची चूक आपण समजतो तिथं नाही. तो फार कडक होता ही त्याची चूक नव्हे. चूक दुसरीकडे आहे, आणि महाभारतानं ती फार आधी पकडून ठेवली आहे.

आधी भांडण काय होतं ते बघू. कांटला डिवचणारा होता बेंजामिन कॉन्स्टंट, फ्रेंच राजकारणात उतरलेला एक तरुण लेखक. कांट तेव्हा ७३ वर्षांचा होता आणि कॉन्स्टंट २९ वर्षांचा. राज्यक्रांतीनंतर तत्त्वाच्या नावाखाली पडलेली मुंडकी फ्रान्सनं नुकतीच पाहिली होती. कॉन्स्टंटचं म्हणणं असं, की कुठलंही तत्त्व मधल्या पायऱ्या न ठेवता थेट लावलं तर समाज चालणार नाही. खरं बोलणं कर्तव्य आहे, पण ते फक्त ज्याचा सत्यावर हक्क आहे त्याच्याशी. खुन्याचा असा हक्क नाही. विषय संपला.

कांटनं दिलेल्या उत्तरात तीन मुद्दे आहेत आणि ते तिन्ही एका वजनाचे नाहीत.

पहिला मुद्दा सगळ्यात भक्कम. सत्य ही काही माझ्या खिशातली वस्तू नाही, की याला द्यायची आणि त्याला नाही. लोक एकमेकांच्या शब्दावर विसंबतात म्हणून करार टिकतात. मी खोटं बोललो तर एका माणसाला फसवतोच, शिवाय शब्द नावाच्या सगळ्यांच्या सोयीलाही तडा देतो. कॉन्स्टंटचा नियम मान्य केला तर ‘याचा सत्यावर हक्क आहे का’ हे ठरवणार कोण? बोलणाराच. आपल्या घरांत हे रोज घडतं. आजोबांना कॅन्सर झालाय हे सगळ्या घराला माहीत असतं, फक्त आजोबांना नसतं. ‘त्यांना झेपणार नाही’ असं म्हणून त्यांचा हक्क परस्पर काढून घेतलेला असतो. कांट इथं अडवतो आणि बरोबर अडवतो.

दुसरा मुद्दा परिणामांचा. तुम्ही ‘आत नाही’ म्हणालात आणि तेवढ्यात मित्र मागच्या दारानं खरंच निसटला असेल, तर परत फिरलेल्या खुन्याला तो रस्त्यात सापडू शकतो. खरं बोलला असतात तर खुनी घर धुंडाळत राहिला असता आणि शेजारी धावून आले असते. पुढे काय होईल हे कुणालाच ठाऊक नसतं, हे खरंच आहे. पण ते दोन्ही बाजूंनी खरं आहे. सत्याचा परिणामही तितकाच अंधारात असतो. या मुद्द्यानं पारडं कुठेच झुकत नाही.

तिसरा मुद्दा मात्र नीट वाचायला हवा. कांट म्हणतो, खोटं बोलून अनर्थ झाला तर तो तुमच्या माथी, मग हेतू कितीही चांगला असो. खरं बोलून अनर्थ झाला तर तो योगायोग, तुम्ही मोकळे. म्हणजे सत्य हा एक विमा झाला! जीव मित्राचा टांगणीला लागलाय आणि निबंध हिशेब मांडतोय तो माझ्या खात्याचा. माझे हात स्वच्छ राहतील का, मला कुणी बोल लावेल का, एवढंच. कर्तव्याची सुरुवात समोरच्या माणसापासून होते असं शिकवणारा कांट. माणसाला कधीही नुसतं साधन म्हणून वापरू नका, हे त्यानंच १७८५ साली लिहून ठेवलेलं. तोच इथं लपलेल्या मित्राला विसरतो. चूक आहे ती ही.

आता महाभारताच्या कर्णपर्वातला कौशिक. नद्यांच्या संगमाजवळ राहणारा हा तपस्वी फारसा शिकलेला नाही, पण कायम खरंच बोलायचं असं त्याचं व्रत आहे. दरोडेखोरांच्या भीतीनं पळालेली माणसं त्याच्या देखत रानात दडतात. मागून दरोडेखोर येतात आणि विचारतात. कौशिक खरं सांगतो. माणसं मारली जातात आणि कौशिक नरकात जातो.

कांटच्या हिशेबानं कौशिक निर्दोष आहे. कथेच्या हिशेबानं तो नरकाला पात्र आहे. कौशिकाला त्या माणसांची पडली नव्हती, स्वतःच्या व्रताची पडली होती. सत्यवादी म्हणून झालेलं नाव आणि पुढचा स्वर्ग हे त्याचं खातं, आणि ते खातं चोख ठेवायला त्यानं इतरांचे जीव खर्ची घातले. कृष्णाचा सल्ला अगदी व्यवहारी आहे. गप्प राहून निभावत असेल तर गप्प राहा. गप्प राहिल्यानं संशय येणार असेल, तर खोटं बोललेलं बरं.

गंमत म्हणजे कांटनंही प्रश्न असाच बांधला आहे, की उत्तर टाळताच येणार नाही. गप्प बसण्याला त्याचीही ना नाही. दोघांचं जमत नाही ते शेवटच्या पायरीवर.

पण कृष्ण ही गोष्ट कुणाला आणि केव्हा सांगतो? ‘गांडीव दुसऱ्याला देऊन टाक’ असं जो म्हणेल त्याचं डोकं उडवीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा असते. कर्णाकडून मार खाऊन वैतागलेला युधिष्ठिर नेमकं तेच बोलतो आणि अर्जुन भावावर तलवार उपसतो. तेव्हा कृष्ण कौशिकाची गोष्ट सांगतो. वाटतं, आता तो म्हणेल, ‘मोड ती प्रतिज्ञा.’ तो तसं म्हणत नाही. तो तोडगा काढतो. वडीलधाऱ्याला अरे-तुरे केलं की तो मेल्यासारखाच, तेव्हा युधिष्ठिराला एकेरीत बोलून घे, झाली प्रतिज्ञा पुरी. अर्जुन बोलून घेतो, मग मोठ्या भावाचा अपमान केला म्हणून स्वतःचाच जीव द्यायला निघतो. त्यावरही तोडगा आहे. स्वतःची स्तुती म्हणजे आत्महत्याच, तेव्हा कर थोडी आत्मस्तुती.

आमच्या धंद्यात याला ‘वर्कअराउंड’ म्हणतात. मूळ नियमाला हात लावायचा नाही, बाजूनं वाट काढायची. स्टेटस कॉलवर ‘टेस्टिंग सुरू आहे’ असं म्हणायचं, म्हणजे एका माणसानं एकदा बटण दाबून पाहिलंय. हे टेक्निकली खरं असतं. खोटं बोलायला मनाई असलेल्या प्रत्येक जागी ही बोली आपोआप उगवते.

कांटच्या बाबतीतही ती उगवली. धर्मावरच्या लिखाणामुळे १७९४ साली प्रशियाचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म दुसरा त्याच्यावर खवळला. कांटनं लेखी आश्वासन दिलं, की महाराजांचा सर्वांत एकनिष्ठ प्रजाजन या नात्यानं मी धर्माविषयी जाहीर लिखाण-व्याख्यानं थांबवतो. १७९७ च्या नोव्हेंबरात राजा वारला आणि पुढच्या वर्षी कांट धर्मावर पुन्हा छापायला मोकळा झाला. त्यानं प्रस्तावनेत स्वतःच खुलासा केला, की ते शब्द मुद्दाम निवडले होते. आश्वासन या राजाच्या हयातीपुरतंच होतं. तो खोटं बोलला नव्हता. टेक्निकली खरं बोलला होता.

मला यात ढोंग दिसत नाही. सेन्सॉरखाली अडकलेल्या म्हाताऱ्या प्राध्यापकानं आणखी काय करायचं? पण ज्या वर्षी हा निबंध आला, त्याच वर्षी त्याच्याच लेखकाचं एक वचन एका शब्दाच्या फटीतून सुटलं, हे विसरता येत नाही. नियमाला अपवादच नाही असं ठरवलं, की हुशार माणूस अपवाद शब्दांत लपवतो. मित्राला वाचवताना कुणी असं शब्दांत लपलं तर मी त्याला दोष देणार नाही. पण ‘मी खोटं बोललोच नाही’ अशी फुशारकी त्यानं मारू नये.

महाभारताला हे नेमकं कळलं आहे. युधिष्ठिराचं ‘अश्वत्थामा मेला’ हे वाक्य आठवा. भीमानं त्या नावाचा हत्ती मारलेला असतो आणि युधिष्ठिर ‘हत्ती’ हा शब्द पुटपुटतो. टेक्निकली खरं! तोवर जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकतो. पुढे स्वर्गारोहणात त्याला थोडा वेळ का होईना, नरक पाहावा लागतो. कथा त्याला ‘हत्ती म्हणाला होतास ना, मग ठीक’ असं म्हणत नाही. फसवणूक ती फसवणूकच.

हा धागा मराठीत नीट उलगडला तो टिळकांनी. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली छापलेल्या ‘गीतारहस्या’त ‘कर्मजिज्ञासा’ नावाचं प्रकरण आहे. दडलेली माणसं आणि पाठलाग करणारे मारेकरी हा पेच टिळक तिथं घेतात, सिज्विकसारखे इंग्रज नीतिशास्त्रज्ञ खोट्याला किती सवलती देतात ते दाखवतात आणि मग युधिष्ठिराच्या रथाकडे वळतात. त्यांचा रोख असा, की आपली परंपरा सवलत देते, पण फुकट देत नाही. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जी मनुस्मृती जाळली गेली, आणि जाळली जावी असं बरंच काही जिच्यात होतं, तिच्यातही खरी साक्ष दिल्यानं कुणाचा जीव जाणार असेल तर खोटं बोलावं असं आहे, आणि लगेच पुढे त्या खोट्याचं प्रायश्चित्तही सांगितलंय.

माझ्या मते सगळा प्रश्न इथं सरळ होतो. आपण विचारतो, ‘अपवाद आहे की नाही?’ विचारायला हवं, ‘अपवाद केल्यावर मागे काय उरतं?’ कांट म्हणतो अपवादच नाही. कॉन्स्टंट म्हणतो अपवाद आहे आणि मागे काहीच उरत नाही, कारण खुन्याचा हक्कच नव्हता. दोघांनाही कोरी पाटी हवी आहे. तिसरी शक्यता अशी, की खोटं बोलणं हेच त्या क्षणाचं कर्तव्य होतं, आणि तरीही ते कर्ज आहे. कोड लिहिणाऱ्यांना हे लगेच पटेल. एरर पकडणं चूक नाही, पण ती पकडून लॉगमध्ये नोंद न करता गिळून टाकणं हा गुन्हा आहे.

कर्तव्यवादी विचारातही अशी वाट आहे. डब्ल्यू. डी. रॉस या स्कॉटिश तत्त्वज्ञानं १९३० साली मांडलं, की कर्तव्यं अनेक असतात, त्यांची टक्कर होते आणि त्या प्रसंगी एक जिंकतं. पण हरलेलं कर्तव्य नाहीसं होत नाही. ते मनात टोचत राहतं आणि भरपाई मागतं.

ही नुसती पुस्तकी कल्पना नाही. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधल्या ल शाँबाँ या डोंगरी गावानं आणि भोवतीच्या वस्त्यांनी नाझींपासून हजारो लोकांना लपवलं, त्यांत ज्यू मोठ्या संख्येनं होते. पाद्री आंद्रे त्रोक्मे आणि त्यांची पत्नी माग्दा या कामात पुढे होते. खोटी ओळखपत्रं बनत होती, पोलिसांना खोटं सांगितलं जात होतं. १९९० साली इस्रायलच्या याद वाशेमनं सबंध परिसराचा गौरव केला. पण अमेरिकन अभ्यासक फिलिप हॅली त्यांच्यावर पुस्तक लिहायला आले, तेव्हा कित्येक वर्षं उलटूनही माग्दाला त्या खोट्या कार्डांची हळहळ होती. पुन्हा वेळ आली असती तर तिनं तेच केलं असतं यात मला शंका नाही. तरीही सल होता. मला ही बाई कांट आणि कॉन्स्टंट या दोघांपेक्षा शहाणी वाटते.

आता आपल्याकडे या. दारातला खुनी कसा दिसतो, हे आपल्याला २०१६ साली ‘सैराट’नं दाखवलं. तो हातात तलवार घेऊन येत नाही. भाऊ येतो, नातेवाईक येतात, आईनं पाठवलेल्या भेटी असतात, आणि आर्ची चहा टाकायला आत जाते. कांटच्या गोष्टीत खुनी कोण हे आधीच माहीत आहे. आपल्याला ते माहीत नसतं. जात मोडून लग्न केलेली मैत्रीण तुमच्या फ्लॅटवर दोन दिवस राहायला आली असेल, तर फोनवर विचारणारा आवाज तिच्या बाबांचा असतो. तो रडवेला असतो. ‘बेटा, फक्त सांग, ती बरी आहे ना, तुझ्याकडेच आहे ना?’ हा बाप खरंच काळजीनं अर्धा झालेला असू शकतो. शेजारी कोण बसलंय ते तुम्हाला दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, ‘नाही काका, मला काही माहीत नाही.’ मीही तेच म्हणेन, आणि ते म्हणायलाच हवं.

पण ‘काकांचा सत्यावर हक्कच नव्हता’ असं मी म्हणणार नाही. होता. मी तो थकवला. म्हणून जिवाची भीती टळल्यावर, महिन्यांनी म्हणा, वर्षांनी म्हणा, त्या माणसासमोर जाऊन बसायला हवं आणि सांगायला हवं, ‘काका, त्या रात्री ती माझ्याकडेच होती. मी तुमच्याशी खोटं बोललो.’ ते शिव्या देतील, रडतील किंवा दार लावून घेतील. तेही ऐकून घ्यायचं.