नटसम्राटाचे गाऱ्हाणे आणि आमची श्रद्धा

देवाविषयी बोलणाऱ्यांची नाशिकला कधी वानवा नव्हती. गोदावरीच्या घाटावर कुंभमेळा भरतो. नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते आणि तेथे ख्रिस्ती भाविकांबरोबर इतर धर्मांचे लोकही आपापले नवस घेऊन येतात. याच नगरीत ज्यांचे आयुष्य गेले त्या तात्यासाहेब शिरवाडकरांनी, म्हणजेच कुसुमाग्रजांनी, मराठी रंगभूमीला असा एक वृद्ध दिला, की जो देवापुढे हात जोडीत नाही आणि देव नाही असेही म्हणत नाही. तो देवाला जाब विचारतो. ‘नटसम्राट’ हे नाटक १९७० साली रंगभूमीवर आले व १९७४ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गणपतराव बेलवलकरांची भूमिका प्रथम उभी केली ती डॉ. श्रीराम लागू यांनी, आणि डॉ. लागू तर महाराष्ट्रातील अत्यंत स्पष्टवक्ते नास्तिक. विधात्याला आर्त हाक मारणारा नट स्वतः विधाता मानीत नव्हता, ही गोष्ट आम्हांला नेहमीच विचारात टाकीत आली आहे.

हा विषय येथे घेण्याचे कारण साधे आहे. महाविद्यालयात जाणारा मुलगा एखाद्या रविवारी मिस्साला येण्याचे नाकारतो, ‘मला पटत नाही’ एवढेच म्हणतो, आणि घरात रडारड होते किंवा अबोला धरला जातो. त्याला नेमके काय पटत नाही, हे विचारण्याचे मात्र राहून जाते.

प्रथम शब्दांचा गोंधळ दूर करू. आपल्या जुन्या दर्शनपरंपरेत वेदांचे प्रामाण्य न मानणारा तो नास्तिक. म्हणून निरीश्वरवादी सांख्य आस्तिक ठरले आणि बौद्ध व जैन नास्तिक. त्या व्याख्येने आम्ही ख्रिस्ती लोकही नास्तिकच! रोमन साम्राज्यात आद्य ख्रिस्ती लोकांवर देव न मानल्याचा आरोप होताच, आणि दुसऱ्या शतकात संत जस्टिन यांनी तो एका अर्थी मान्यही केला. रोमनांच्या देवांपुरते आम्ही नास्तिक आहोत, खऱ्या देवाच्या बाबतीत नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. आजच्या व्यवहारात देव नाही असे म्हणणारा तो नास्तिक, आणि तो आहे की नाही हे मानवाला कळण्याजोगे नाही असे म्हणणारा तो अज्ञेयवादी. यासाठीचा इंग्रजी शब्द थॉमस हक्स्ले यांनी १८६९ साली घडविला. तात्पर्य, ‘देव नाही’ असे कोणी म्हणाला तर रागावण्यापूर्वी ‘कोणता देव?’ असे विचारणे अगत्याचे आहे.

डॉ. लागूंचा ‘देवाला रिटायर करा’ हा गाजलेला लेख मुळात अब्राहम कोवूर यांच्या पुस्तकाची प्रस्तावना म्हणून लिहिला गेला. हे कोवूर केरळातील मार थोमा ख्रिस्तसभेच्या एका धर्मगुरूचे चिरंजीव होते, ही गोष्ट आम्ही विसरू नये. लागूंचे म्हणणे थोडक्यात असे, की देव ही माणसाने निर्माण केलेली कल्पना असून तिचे काम आता संपले आहे आणि तिच्या नावाखाली अन्याय मात्र चालूच आहे. पुढे डॉ. नरेंद्र दाभोलकरांबरोबर त्यांनी ‘विवेकजागराचा वादसंवाद’ हा कार्यक्रम महाराष्ट्रात ठिकठिकाणी केला. दोघांची भूमिका एक नव्हती. लागू देवच नाकारीत. दाभोलकरांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवाच्या नावाने चालणाऱ्या शोषणाला विरोध करी, देवाधर्माला नव्हे. हा मतभेद दोघांनी एकाच व्यासपीठावर उघडपणे मांडला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची गोळ्या झाडून हत्या झाली. वादाला गोळीने उत्तर देणाऱ्याचा सत्यावरच विश्वास नसतो, असे आम्ही मानतो.

आता लागूंच्या युक्तिवादाविषयी. निवृत्त कोणाला करता येते? ज्याची नेमणूक आपण केलेली असते त्याला. परीक्षेत पास करणारा, धंद्यात बरकत देणारा, नवस फेडला नाही तर कोपणारा देव हा आपण नेमलेला नोकर आहे. त्याला लागूंनी खुशाल घरी पाठवावे. आमची हरकत नाही. किंबहुना मेणबत्ती लावून सौदा करणाऱ्या आपल्याही घरांतून तो गेला तर बरे. परंतु संत थॉमस अॅक्वायनस ज्या ईश्वराविषयी बोलतात तो विश्वातील एक कर्मचारी नव्हे. विश्व मुळात आहे हेच ज्याच्यामुळे, तो ईश्वर. त्याच्यापर्यंत हा युक्तिवाद पोहोचत नाही. मात्र थॉमसांची शिस्तही आपण घ्यावी. ईश्वर आहे काय, या प्रश्नाला हात घालताना जगातील दुष्टता, आणि निसर्गनियमांनी सारे उलगडते हा दावा, असे विरुद्ध पक्षाचे दोन आक्षेप ते आधी मांडतात आणि मग उत्तर देतात.

‘दुःख कोसळले की नास्तिकही देवाचा धावा करतो’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. लागूंचा तरुण मुलगा तन्वीर बाहेरून रेल्वेगाडीवर भिरकावलेल्या दगडाने गेला. त्या आघातानंतरही लागूंनी आपली भूमिका सोडली नाही. दुःख हा श्रद्धेचा सापळा नव्हे, आणि तसा तो मांडणे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही.

येथे ‘नटसम्राट’ अधिक खोल जाते. बेलवलकर सर्वस्व मुलांना वाटून टाकतात, मुलांच्या घरी अपमानित होतात, चोरीचा आळ आल्यावर पत्नीसह बाहेर पडतात आणि तिलाही गमावतात. पोटच्या मुलांची उपेक्षा आणि निर्मात्याचे मौन या दोन्ही जखमा ते एकत्रच उघड्या करतात. ही नास्तिकाची भाषा नाही, कारण जो नाही त्याच्याशी कोणी भांडत नाही. ती आज्ञाधारक भक्ताचीही नाही. ती ईयोबाची भाषा आहे. बावीसाव्या स्तोत्राची आहे. क्रुसावर प्रभू येशूच्या मुखी ज्या स्तोत्राचा आरंभ आला, त्याची आहे. पवित्र शास्त्रात गाऱ्हाण्याला स्थान आहे. देवाची बाजू घेऊन ईयोबाला उपदेश करणाऱ्या मित्रांवरच अखेरीस देवाचा कोप होतो, हे आपण वाचतो आणि विसरतो.

नाटकात उणीव नाही असे नव्हे. शोकाचा उद्गार स्वगतांच्या नादमाधुर्यात कधी कधी विरघळतो. प्रेक्षक वेदनेला नव्हे तर वाणीला टाळी देतो. आपल्या दुःखात स्वतःचा वाटा किती, हा प्रश्नही बेलवलकर पुरेसा विचारीत नाहीत. तरी एका ठिकाणी नाटककाराची दृष्टी अचूक आहे. विधाता बोलत नाही. पण बूटपॉलिश करणारा राजा या बेघर म्हाताऱ्याला आपल्या फुटपाथवर आसरा देतो. तो ईश्वराविषयी एक शब्द बोलत नाही. मत्तयच्या शुभवर्तमानातील अखेरच्या न्यायाच्या प्रसंगी उजवीकडचे लोकही ‘प्रभो, आम्ही तुला केव्हा पाहिले?’ असेच विचारतात. सेवा करताना त्यांनाही ते ठाऊक नव्हते. कुसुमाग्रजांच्या मनात हा उतारा होता असा आमचा दावा नाही. परंतु ख्रिस्ती वाचकाला तो आठवल्यावाचून राहणार नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात कबूल केले, की नास्तिकता निर्माण होण्यात श्रद्धावंतांचाही वाटा असू शकतो, कारण आपल्या आचरणाने ते देवाचे खरे मुख झाकून टाकतात. ही कबुली घराघरांतून वाचली जावी. रविवारी मिस्साला न येणाऱ्या मुलाला घरातून युक्तिवाद हवे असतील तर ते जरूर द्यावेत. पण त्याआधी त्याचे गाऱ्हाणे पूर्ण ऐकावे. ज्या देवाला तो नाकारतो आहे तो कदाचित आम्हीच त्याला दाखविलेला असेल. आणि घरच्या म्हाताऱ्यांशी आम्ही कसे वागतो, हेही तो मुलगा पाहत असतो.