मरणभय आणि धम्म

वृद्ध, रोगी व प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही कथा बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) मध्ये नाकारली. २९ वर्षांच्या माणसाने तोवर मरण पाहिलेच नव्हते, हे बुद्धीला पटत नाही. त्यांनी कारण मांडले ते रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत पेटलेल्या संघर्षाचे. मला ही मांडणी मूलगामी वाटते. एपिक्युरसने एकट्या माणसाचे मरणभय तर्काने खोडले. गीतेने आत्मा अमर ठरवून मारणाऱ्याचा संकोचच घालवला. बाबासाहेबांनी दुःखाचे मूळ समाजाच्या संघर्षात शोधले. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. मात्र आप्ताच्या प्रेताशेजारी बसलेल्याला एवढे उत्तर पुरत नाही. त्याला किसा गोतमीची मोहरी हवी. मरण न झालेले घर तिला सापडले नाही; दुःख सर्वांचे आहे, हे मात्र कळले. मैत्री तेथून सुरू होते, आणि लढाही.