दासी, दाई आणि डूला

'डूला' हा शब्द आता पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू घरांत रुळू लागला आहे. कळा सुरू झाल्यापासून बाईच्या उशाशी बसणारी, तिची कंबर चोळणारी, धीर देणारी, प्रशिक्षण आणि मोबदला घेतलेली सोबतीण म्हणजे डूला. ती सुईण नव्हे. मूल सोडवणे हे तिचे काम नाही. तिच्याविषयी बोलताना करुणा, समावेशकता असे मोठे शब्द वापरले जातात. मूळ शब्दाचा अर्थ मात्र सहसा कोणी सांगत नाही. ग्रीक भाषेत डूला म्हणजे दासी, गुलाम स्त्री. डॅना राफेल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७३ साली तो बाळंतिणीच्या सोबतिणीसाठी वापरला आणि पुढे तो रूढ झाला. ज्यांच्या सात पिढ्यांना कोणी दास म्हटले नाही, त्यांना हे नाव हौसेने मिरवता येते. आमच्या आज्यांना ते न मागता मिळाले होते.

या कामाकडे दलित साहित्याने कसे पाहिले, हे एकदा तपासायला हवे.

दलित कवितेत आई ठायी ठायी आहे. वामन निंबाळकर आणि ज्योती लांजेवार या दोघांनीही 'आई' लिहिली. राबणारी, उपाशी राहून लेकरांना वाढवणारी ती आई आमच्या पिढीला पाठ आहे. पण त्या आईला जिने मोकळे केले, ती बाई कवितेत क्वचितच दिसते. ती आली स्त्रियांच्या आत्मकथनांतून. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली ग्रंथरूपाने आले. त्यातले महारवाड्यातले बाळंतपण वाचताना आजही अंगावर काटा येतो. कोवळ्या वयाची पोर अडलेली, घरात दाणा नाही, धड चिंधी नाही, आणि भोवतीच्या अडाणी बाया मूल कुठवर आले ते पाहण्यासाठी पुन्हा पुन्हा हात घालताहेत. जखमा चिघळतात. सुटका झाली तरी पोटातली आग विझवायला काही नाही. दाईच्या 'पारंपरिक शहाणपणा'चे गोडवे गाणाऱ्या शहरी मंडळींनी ही पाने जरूर वाचावीत. बेबीताईंनी आपल्याच माणसांचे अज्ञान झाकले नाही, आणि ते अज्ञान कोणत्या व्यवस्थेने पोसले हेही सांगितले.

पण त्याच पानांत आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे आमच्या समीक्षेने पाठ फिरवली. त्या बाया तिथे आहेत. स्वतः उपाशी असून त्या जागच्या हललेल्या नाहीत. आम्ही हे प्रकरण वेदनेचा दस्तऐवज म्हणून वाचले. सोबतीचा म्हणून वाचले नाही. पुरुष समीक्षकांना बाळंतिणीच्या खोलीत शिरण्याचा संकोच वाटला असेल, हे समजू शकते. चाळीस वर्षे तो संकोच टिकावा, हे समजत नाही.

याला आणखी एक कारण आहे. आमची चळवळ नकारातून उभी राहिली. गावकीची कामे सोडा, हा बाबासाहेबांचा आदेश होता. उत्तर प्रदेशात 'नारा-मवेशी' आंदोलनात चर्मकारांनी मेलेले ढोर ओढणे आणि त्यांच्या स्त्रियांनी नाळ कापणे एकदमच नाकारले. नाळ कापणे म्हणजे विटाळ अंगावर घेणे. ते काम करणारीचा हात हवा, पण तिचा घरात वावर नको. असे काम टाकून देणे हेच माणूसपण होते. मग तेच काम आज प्रमाणपत्र लावून परत आले तर आपण त्याला काय म्हणायचे? माझ्या मते नकार कामाला नव्हता, जन्माने ते काम गळ्यात मारण्याला होता. बाईजवळ बसणे हीन नाही. शेरभर धान्याच्या मोबदल्यात, दारातून, जातीमुळे बसावे लागणे हीन होते.

आता आमच्या गोंदियाकडे या. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगाव हे जंगलपट्टीचे तालुके आहेत. बाई आशाताईसोबत प्राथमिक आरोग्य केंद्रात येते. अडली तर ग्रामीण रुग्णालय, नाहीतर थेट गोंदियाचे बाई गंगाबाई महिला रुग्णालय. दवाखान्यात बाळंतपण व्हावे याबद्दल दुमत नाही. बेबीताईंच्या पुस्तकानंतर असूही नये. पण टेबलावर ती एकटी असते. गोंडी किंवा झाडीबोली बोलणाऱ्या बाईला समोरून प्रमाण मराठीत, कधी हिंदीत दटावणी ऐकू येते. तिचे आडनाव आणि कितवे मूल आहे हे कळल्यावर आवाजाची पट्टी बदलते, हे वाडीवस्तीतल्या कोणत्याही बाईला विचारा.

केंद्र सरकारने २०१६ साली सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतिणीला परवानगी दिली. ही सोबतीण नात्यातली बाई असावी, शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली, अशी अट घातली. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत रोजी बुडवून कोणती सासू, कोणती जाऊ दोन दिवस दवाखान्यात बसेल? नवऱ्याने टाकलेलीने, लग्नाशिवाय गरोदर राहिलेलीने, परगावच्या वीटभट्टीवर राबणारीने नात्यातली बाई आणायची कुठून? ग्वाटेमालात १९८० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सोबत बसलेली बाई सर्वस्वी अनोळखी होती, वैद्यकीय शिक्षण नसलेली होती. तरी गुंतागुंत न झालेल्या बायांची दाखल झाल्यापासूनची वेळ सरासरी एकोणीस तासांवरून नऊ तासांच्या आत आली. नात्याने नव्हे, बसण्याने फरक पडला.

मग बसणारीला पैसे कोण देणार? जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी आईच्या विश्रांतीत राष्ट्राचे हित आहे आणि तिचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, अशी भूमिका घेतली होती. करुणेचा शब्दही न उच्चारता ही गोष्ट मांडता येते, ती अशी. आज तेच सरकार आशाताईला 'स्वयंसेविका' म्हणते आणि कामागणिक मोबदला मोजते. रात्री बाईला घेऊन निघालेली आशा पहाटेपर्यंत व्हरांड्यात बसून राहते. आत जाण्याचा तिला हक्क नाही, कारण ती नात्यातली नाही. तिला आत घ्या, तिच्या त्या तासांचे वेतन द्या, आणि हे काम कोणत्याही जातीची बाई करील असे पाहा. तिच्या प्रशिक्षणात 'जिणं आमुचं'मधली ती पाने वाचून दाखवायला हवीत. आमच्या महाविद्यालयांत ती मराठीच्या तासाला वाचली जातात. परिचारिकांच्या वर्गात ती नेण्याचे काम आपण प्राध्यापक मंडळींनी अंगावर घ्यावे.