पडद्याआडच्या पाच ओळी

गेम सुरू केला की कधीकधी आधी एक पांढरा चौकोन लखकन चमकतो, मग काळा पडतो, कोपऱ्यातून टुणकन मध्यभागी येतो आणि मग कुठे चित्र दिसतं. सी भाषेत, जीएलएफडब्ल्यू लायब्ररी वापरून, हा गोंधळ पाच ओळींत निस्तरता येतो. त्या ओळींचं सौंदर्य त्यांच्या क्रमात आहे.

पहिल्या ओळीत ‘व्हिजिबल’ला ‘फॉल्स’ केलं जातं. विंडो अजून जन्मलेलीही नाही, तोच ती न दिसण्याचा निर्णय झाला! काही न सांगितल्यास लायब्ररी विंडो बनताक्षणी दाखवते. हा संयम मुद्दाम मागावा लागतो. दुसरी ओळ ‘क्रिएट विंडो’. तिसरी ‘सेट विंडो पॉस’: टास्कबार सोडून उरलेल्या जागेचा मध्य साधायचा, तोही कुणी पाहत नसताना. चौथीत पहिली फ्रेम रंगवून ‘स्वॅप बफर्स’. पाचवी, ‘शो विंडो’.

रत्नागिरीच्या स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेचे प्रयोग पाहणाऱ्यांना ही शिस्त ओळखीची वाटेल. नेपथ्य लागतं, नट जागा घेतात, तिसरी घंटा त्यानंतर होते.

चौथी आणि पाचवी ओळ अदलाबदल करून पाहा. कंपायलर हूं की चूं करत नाही, गेमही चालतो. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर एक फ्रेम जेमतेम १७ मिलिसेकंदांची. पण तेवढ्यात रिकामी विंडो चमकून जाते आणि अंधाऱ्या खोलीतल्या डोळ्यांना ती खुपते.

लपवण्यालाही मर्यादा हवी. सगळ्या लेव्हल लोड होईपर्यंत काहीच दिसलं नाही, तर माणूस आयकॉनवर पुन्हा डबल-क्लिक करतो. उलट, विंडो दाखवून नुसतं लोडिंग करत बसलं, तर सुमारे ५ सेकंद संदेश न उचलणाऱ्या विंडोवर विंडोज ‘नॉट रिस्पॉन्डिंग’चा शिक्का मारतं. म्हणून जाणता प्रोग्रामर चौथ्या ओळीत फक्त गेमचं नाव रंगवतो; बाकीचं लोडिंग नंतर, इव्हेंट उचलत उचलत.

फुल स्क्रीनमध्ये तर पहिली ओळ लागूच होत नाही. लायब्ररी ती सूचना दुर्लक्षिते. तिथे लपायची सोय नाही, पहिली फ्रेम झटपट काढणं तेवढं हाती उरतं. पाचांतली सर्वांत मोलाची ओळ म्हणूनच चौथी: दाखवण्याजोगं काहीतरी आधी तयार असावं, एवढंच ती मागते.